पेन्सिलीचे ठिपके

“एक्स मिळाला. आता वाय कोण काढणार?”

मधुकर शिंगटे नववीच्या वर्गाला विचारत होता, तेवढ्यात शिपाई दाराशी आला. घरून फोन होता. वडील गेले.

तेरावं उरकल्यावर तो मुजावर सरांकडे गेला. त्याला गणित शिकवलं ते याच सरांनी. आता ऐंशीच्या पुढचे सर ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी सूप त्याच्याकडंही सरकवलं.

शेंगा फोडता फोडता मधुकर बोलला. वडिलांसाठी डोळ्यांत टिपूस आलं नाही, हे त्याला खात होतं. वडील वाईट नव्हते. एसटी डेपोत टायर बदलायचे, घरी येऊन गप्प बसायचे. पोरगा काय शिकतो, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

“मी जो काही आहे, तो तुमच्यामुळं, सर. तुमचे ठिपके मी अजून माझ्या वर्गात चालवतो.”

“कसले ठिपके?”

मधुकरनं आठवण दिली. बाकीच्यांच्या वह्या फुल्यांनी लाल व्हायच्या. त्याच्या वहीत मात्र चुकलेल्या उदाहरणाशेजारी पेन्सिलीचा बारीक ठिपका असायचा. चूक आपली आपण हुडकायची. आपण सरांचे लाडके, याचा त्याला केवढा तोरा होता.

सरांचा हात थांबला.

“ते माझे नव्हेत, मधू. वही माझ्याकडं यायची, तेव्हाच ठिपके असायचे. म्हणून मी फुली मारत नव्हतो.”

“मग…?”

सर सावकाश सांगू लागले. मधुकरचे वडील चौथी शिकलेले. सुटीच्या दिवशी सायकलवरून इथं यायचे. समीकरण सोडवणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. पण आलेलं उत्तर दोन्ही समीकरणांत घालून ताळा बघायला ते शिकले. पोरगा खेळायला गेला की वही उघडायचे. एका जरी समीकरणात जमलं नाही, की ठिपका.

“वजा चिन्हाशी मात्र भांडण. म्हणायचे, सर, मुळात नाहीच ते आणखी कमी कसं होईल?”

मधुकरला हसू फुटलं. हसता हसता त्याला चष्मा काढावा लागला.

“तुम्ही कधी बोलला नाहीत…”

“त्यांनी बजावलं होतं. सरच बघतात असं वाटू दे त्याला, म्हणाले.”

मधुकर पाया पडायला वाकला. सरांनी पाय मागं घेतले.

“मी त्यांना नुसता ताळा शिकवला,” ते म्हणाले. “सोडवायला शिकवायचं राहून गेलं.”