परातीतलं पहिलं अक्षर

"मग मला बाई कोण म्हणणार, गुरुजी?"

अनशीनं हे विचारलं तेव्हा हैबती गुरुजी शाळेच्या दाराला झेंडूचं तोरण बांधत होते. तोंडात सुतळी, हातात फुलं.

"रुजू होऊन महिना होत आला. मी फळ्यावर लिहीत असते आणि शेवंताकाकू दारातनं ओरडते, अनशे, तुझी आई घरी आहे का गं? पोरं फिदीफिदी हसतात. ट्रेनिंगला पहिली आलेय मी, गुरुजी!"

गुरुजींनी तोंडातली सुतळी काढली.

"आहे का?"

"काय?"

"आई. घरी?"

अनशीनं पाय आपटला. दुसरीत असताना आपटायची ना, अगदी तसाच.

बोरदऱ्याची शाळा म्हणजे एक खोली आणि एक गुरुजी. अनशी त्याच खोलीत शिकली, पुढं शहरात गेली, आणि मास्तरीण होऊन त्याच खोलीत परत आली. दिवाळी झाली की गुरुजी घरी बसणार, मग शाळा तिची एकटीची. पण वाडीनं तिला नाकातल्या शेंबडासकट पाहिलेली. अनशीनं तो कधीच पुसला होता, वाडीला काही पुसता येईना.

तर तो दिवस दसऱ्याचा. बोरदऱ्यात नवं पोर शाळेत घालायचं ते दसऱ्यालाच. ज्या त्या आईनं घरनं ओंजळभर तांदूळ आणायचे, सगळ्यांचे एकाच परातीत ओतायचे, आणि गुरुजींनी पोराचं बोट धरून तांदळात श्री काढायचा. मग त्याच तांदळाची खीर. श्री निघाला की पोर शाळेचं झालं. नाही निघाला तर काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तसं कधी झालंच नव्हतं.

आया जमल्या. परात भरली. नवी पोरं रांगेत बसली.

गुरुजी म्हणाले, "अनसूया, आज बोट तू धरायचंस."

बायकांची चुळबुळ सुरू झाली.

रांगेत पहिली होती ठकू, शेवंताकाकूची नात. काकूनं तिला मागं ओढून मांडीवर घेतली.

"का हो गुरुजी, तुमच्या हाताला काय झालंय? हिनं बोट धरल्यावर पोरीला विद्या यायची का? माझ्या परसातल्या काकड्या चोरल्यात हिनं!"

"चांगल्या होत्या का गं?" गुरुजींनी अनशीला विचारलं.

"कडू होत्या."

सगळ्याजणी हसल्या. काकूलाही हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं आणि ठकूला पुढं ढकललं.

"घे. पण रडवलीस तर बघ."

अनशी परातीशी बसली. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, हात खालून घ्यायचा, अंगठा वरनं ठेवायचा. तिनं तसंच केलं. ठकूनं मूठ वळली.

अनशीनं एक बोट उलगडलं, तर दुसरं मिटलं. दुसरं उलगडलं, तर पहिलं आत. आणि मग ठकूनं जो सूर लावला, शेजारच्या गोठ्यातली रेडकं ओरडायला लागली.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" काकू म्हणाली.

एकीनं आपलं पोर रांगेतनं उचलून कडेवर घेतलं. दुसरी उठायच्या बेतात. अनशीनं पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उतरला की ट्रेनिंगचा पहिला नंबर पार कुठल्या कुठं गेला.

"तुम्हीच या, गुरुजी. माझ्यानं होत नाही... माझं बोट तुम्ही कसं धरलं होतं?"

"तुझं? मी कुठं धरलं?"

"धरलं की. इथंच. मला आठवतंय."

"तू मूठ सोडलीच नाहीस. आत गूळ होता तुझ्या."

"मग श्री कुणी काढला?"

"तू."

"मूठ न सोडता?"

"गूळ एका हातात होता. दुसरा रिकामाच होता की."

आणि गुरुजींनी आपल्या उजव्या हाताचं बोट पुढं केलं. नखात खडूची पांढरी रेघ.

"हे धरलं होतंस."

अनशी त्या बोटाकडं बघत राहिली...

मग तिनं ठकूचा हात सोडला. आपलं बोट ठकूच्या मुठीपुढं नुसतं धरलं. ओढलं नाही, हलवलं नाही, गोड बोलली नाही.

ठकूनं हुंदका गिळला. बोटाकडं बघितलं. आजीकडं बघितलं. परत बोटाकडं.

मूठ आपली आपणच उघडली, आणि बोटावर मिटली.

आणि ओढलं की तिनं! सरळ तांदळात. इकडनं एक गोल, तिकडनं एक रेघ. तांदूळ उडाले ते काकूच्या मांडीवर, अनशीच्या नव्या साडीवर. ठकू नेईल तिकडं बोट जायचं, बोटामागं अनशी. ठकू खिदळायला लागली. अनशी कधी हसायला लागली ते तिचं तिलाही कळलं नाही. कडेवरचं पोर खाली उतरायला धडपडू लागलं.

शेवटी ठकूनं बोट सोडलं.

"झालं!"

सगळ्या परातीवर वाकल्या. श्री नव्हता. ग नव्हता, म नव्हता. म्हशीच्या शिंगासारखी एक रेघ, तिच्या पोटात एक गोल, आणि शेपूट पार परातीच्या काठापर्यंत.

काकूनं हनुवटीला हात लावला. "अगं बया... हे गं काय काढलंस?"

पण आवाजात राग नव्हता. नातीनं पहिल्यांदा काही काढलं होतं.

अनशीनं वर बघितलं. "गुरुजी, हे कोणतं अक्षर?"

गुरुजी परातीवर वाकले. चष्मा वर केला, खाली केला.

मग ते वळसा घालून गेले. नव्या पोरांच्या रांगेत, सगळ्यात शेवटच्या पोराच्या मागं, धोतर सावरून मांडी घालून बसले. हाताची घडी घातली.

"हे मला अजून येत नाही, बाई. शिकवा."