अळणी आंबील

“खालच्या लोकांनी मीठ बंद केलंय म्हणे. आणि ते का, तर...”

एवढंच आंबीलवालीच्या कानावर पडलं. बोलणारे दोघे बैलवाले घाट उतरत वळणाआड गेले आणि बैलांच्या घुंगरांत पुढचं बोलणं बुडून गेलं. ती थोडी त्यांच्या मागं गेलीसुद्धा, पण चुलीवर आधण ठेवलेलं होतं, म्हणून मागं फिरली. मनात मात्र ते अर्धं वाक्य तसंच लटकत राहिलं.

फार जुन्या काळची ही गोष्ट. एका उंच घाटाच्या माथ्यावर एक राज्य होतं आणि पायथ्याशी दुसरं. वर नाचणी, वरी भरपूर पिकायची, पण मिठाचा खडा नव्हता. खाली समुद्रकाठी मिठाची आगरं पसरलेली, पण जमीन खारी, धान्य पोटापुरतंही होत नसे. दोघांच्या मधोमध एक खिंड होती आणि त्या खिंडीत बाजार भरायचा.

बाजाराची एक रीत होती. वरच्यांनी पीठ आणायचं, खालच्यांनी मीठ आणायचं आणि एकाच हंड्यात आंबील शिजवायची. दोन्हीकडच्या माणसांनी ती प्यायली की मगच तराजू उचलायचे. आंबील पोटात गेल्यावर कुणी कुणाशी भांडायचं नाही, असा दंडक होता आणि तो कुणी मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

हंडा सांभाळायचा मान या आंबीलवालीकडे होता. बाई मायाळू होती. उन्हातून आलेल्याला बसायला सावली द्यायची, पोरांना वाटीच्या तळाशी गूळ घालायची. पण तिला सगळ्यांच्या घरातलं सगळं माहीत असायला हवं असे. कुणाची सून रुसली, कुणाची गाय आटली, ते तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. “आक्काला विचारा, आक्काला ठाऊक असेल,” असं लोक म्हणायचे आणि ते ऐकून तिला बरं वाटायचं.

तिची एकुलती लेक खाली आगरावर दिली होती. लेकीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून आंबीलवालीनं घरात बाज विणून ठेवली होती, जुनी लुगडी धुऊन मऊ केली होती. गेल्या बाजाराला ती वाट बघत बसली. लेक आली नाही. विहीणबाईंचा निरोप आला, “पुढच्या बाजाराला पाठवतो.”

“पुढच्या, पुढच्या,” आंबीलवाली हंडा घासताना पुटपुटली. “आमच्या घरी काय वाघ राहतात?”

त्याच सुमारास वरच्या राज्यात मोठी उलथापालथ झाली. राजा मागं कुणी न ठेवता वारला. तेव्हा लोकांनी ठरवलं, आता दुसऱ्याचा राजा आणायचा नाही, आपला कारभारी आपणच निवडायचा. असं कधी झालं नव्हतं. लोक आनंदातही होते आणि भेदरलेलेही होते. निवड खिंडीतल्या बाजारात व्हायची होती, दर घरानं मूठभर नाचणी आपल्या पसंतीच्या कणगीत टाकून.

कणग्या दोन होत्या. एक कोठीवाल्या म्हाताऱ्याची. तो म्हणायचा, “खालच्यांबरोबर मिळून घाटाची वाट रुंद करू. त्यांचं मीठ वाढेल, आपलं धान्य वाढेल.” दुसरी नाकेदाराची. तो फार काही म्हणत नसे. मिशीवरून हात फिरवत एवढंच म्हणे, “आपण गाफील राहू नये.”

बाजाराचा दिवस उजाडला. ते दोघे बैलवाले अजून खालीच होते, बाकी वरचे सगळे आले. खालचे कुणीच आले नाहीत. ना माणूस, ना मीठ.

आंबीलवालीनं ऊन डोक्यावर येईपर्यंत वाट पाहिली. घाटाच्या वाटेकडे बघून बघून तिचे डोळे दुखले. मिठाची तिला काळजी होतीच, पण त्याहून लेकीची होती. आजही आली नाही. शेवटी तिनं तशीच आंबील वाढली.

पहिल्या माणसानं घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. “आक्के, ही अळणी आहे.”

“मग काय डोळ्यातलं पाणी घालू?” आंबीलवाली म्हणाली.

कुणी हसलं नाही. सगळे तिच्याभोवती जमले. “मीठ का नाही आलं? आक्का, तुला ठाऊक असेल.”

आता खरं म्हणजे तिला एवढंच म्हणायचं होतं, की मीठ बंद झाल्याचं ऐकलं, कारण कळलं नाही. पण सगळा बाजार आपल्या तोंडाकडे बघतोय आणि आपल्याला माहीत नाही, हे तिच्यानं बोलवेना. त्यात लेकीला न पाठवणाऱ्या विहीणबाईंचा राग होताच.

“बंद केलंय त्यांनी मीठ,” ती म्हणाली. “आणि ते का, तर आपल्यात राजा उरला नाही म्हणून. बिनमिठाचं ठेवलं की आपण आपोआप वाकू, असं त्यांना वाटतंय.”

गर्दीतून कोठीवाला म्हातारा पुढं आला. “बाई, हे कुणाकडून ऐकलंस? पुरतं ऐकलंस का?”

“माझ्या या कानांनी ऐकलं,” ती फणकाऱ्यानं म्हणाली. “म्हातारपणी तुम्हाला ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?”

या वेळी मात्र लोक हसले. म्हातारा मागं सरला. नाकेदारानं ती अळणी वाटी उचलली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि आंबील जमिनीवर ओतली. तेवढं पुरलं. त्याची कणगी भरून नाचणी बाहेर सांडली.

कारभारी झाल्याबरोबर नाकेदारानं खिंडीत दगडांची भिंत घातली. माणसं स्वतःहून दगड वाहायला आली. आंबीलवालीचा हंडाही भिंतीच्या बुडाशी उपडा गेला. चुलीचे दगडसुद्धा कुणीतरी भिंतीला लावले. तिनं नाकेदाराला विचारलं, “माझी लेक यायची आहे, तेवढी वाट ठेवाल ना?” तो म्हणाला, “बघू या की.”

मग वाईट दिवस आले. वर जेवणाला चव उरली नाही. गुरं भिंती चाटायला लागली. न विकलेल्या नाचणीला कणग्यांत बुरशी चढली. लोक घरात कुजबुजायचे, पण भिंत पाडा असं बोलायला कुणी पुढं येईना, कारण प्रत्येकानं तिला एखादा दगड लावलेला होता.

एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. “आये!”

आंबीलवाली धावत गेली. दगडांच्या फटीतून तिला लेकीचं लुगडं दिसलं. लेक पोटाला हात लावून उभी होती. मागं विहीणबाई होत्या आणि त्यांच्यामागं मिठाच्या गोणी लादलेले बैल, वळणापर्यंत.

“अगं, ही भिंत कसली?” लेक म्हणाली. “आम्ही मीठ आणलंय. नेहमीच्या दुप्पट. आमचा राजा गेला होता, आये. सुतकात आगरातला खडा हलवत नाहीत, सगळं राज्य अळणी जेवतं. आणि नवा राजा बसेपर्यंत बाहेर कुणाला सांगत नाहीत. आता सुतक फिटलं. पहिलं मीठ शेजाऱ्याला द्यायचं असतं.”

विहीणबाई फटीजवळ आल्या. “सुतकात पोरीला वाटेला कशी लावणार होते? आता आणलीये बघा. घ्या तुमची लेक.”

आंबीलवाली तशीच नाकेदाराकडे पळाली.

“दादा, माझं चुकलं. मी अर्धंच ऐकलं होतं. पुढचं मी पदरचं जोडलं. भिंत उघडा.”

नाकेदारानं तिचं सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही. “आक्का, मला ते पहिल्यापासून वाटत होतं,” तो म्हणाला. “पण लोकांनी मला भिंतीसाठी निवडलंय. भिंत पाडली तर मी कशाला हवा, असं उद्या विचारतील. आणि तू चुकलीस म्हणून सांगायला जाशील, तर तुझं ऐकणार कोण? त्या दिवशी तू खरं बोललीस, असं सगळ्यांनी आपापल्या मुठीनं ठरवलंय.”

ती घरोघर गेली. लोकांनी माना खाली घातल्या. कुणी म्हणालं, खालच्यांचा डाव असेल. कुणी म्हणालं, उद्या बघू. तिच्याबरोबर फक्त कोठीवाला म्हातारा आला. दोघांच्यानं मिळून एक दगडही हलला नाही.

संध्याकाळी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. पलीकडे आडोसा नव्हता. गोणी भिजल्या, मीठ विरघळलं आणि खारं पाणी भिंतीखालून अलीकडच्या उतारावर येत खिंडीलगतच्या वरच्यांच्या शेतात शिरलं. आंबीलवाली फटीला हात लावून बसली होती. लेकीची बोटं आत येत होती, तेवढीच.

“जाते, आये,” अंधार पडताना लेक म्हणाली. “कळा सुरू झाल्यात वाटतं.”

पाऊस सरल्यावर त्या दोघांतला एक बैलवाला लांबच्या डोंगराला वळसा घालून वर आला. त्यानंच बातमी आणली. लेक वाचली. बाळ घाटाच्या वाटेतच गेलं. नव्या राजानं पायथ्याशी भिंत बांधायला घेतली होती.

आंबीलवाली त्याला म्हणाली, “मागं खिंडीतून जाताना तू म्हणाला होतास, मीठ बंद केलंय, आणि ते का, तर... त्याच्या पुढं काय होतं?”

बैलवाल्यानं आठवून पाहिलं. “आगरावरच्या बाईनं कुणाला सांगू नको म्हणून सांगितलं होतं. म्हणून आपसातच बोलत होतो. का, तर त्यांच्यात कुणीतरी मोठं गेलंय. मीठ मागाहून दुप्पट येईल, तोवर आपण धान्य पाठवत राहू या. एवढंच होतं.”

“एवढंच?”

“एवढंच. का गं आक्का?”

मीठ बंद झालं होतं, हे खरं होतं. तेवढंच खरं होतं.

यातलं तात्पर्य: अर्धं ऐकलेलं अर्धंच सांगावं. उरलेलं आपल्या रागानं भरलं, की त्याची भिंत बांधायला सगळं गाव येतं आणि पाडायला कुणी येत नाही.