रेडोबाचा कोरा चेहरा

"यात चूक काय आहे, ते तरी सांगा."

अरविंद नाडगौडाने कागद मास्तरांपुढे धरला. तिसऱ्यांदा विचारत होता. आवाज चढला होता.

तातोबा मास्तरांनी कागद पाहिला. एका डोळ्याने नीट, दुसऱ्याने अर्धवट. त्यांची एक पापणी लहानपणापासून अर्धी पडलेली होती. घरचा धंदा घोड्यांच्या जिनांचा. टाके घालायला शिकताना चामडं टोचायची आरी उसळून पापणीला लागली होती.

"चूक काय न्हाई," मास्तर म्हणाले. "रेडा झकास आहे. इतका खरा, की कुणीतरी वैरण टाकील."

"मग?"

"पोरं वैरण टाकायला येत न्हाईत. हसायला येतात."

त्यांनी कागद परत दिला.

मी त्या छापखान्यात मशीनवर होतो. पाहिलं तेवढंच लिहितो.

छापखाना कोल्हापुरात होता. दर महिन्याला तिथून मुलांचं चित्रांचं पुस्तक निघायचं. नाव 'रेडोबा हवालदार'. सोळा पानं, दोन रंग. रेडोबा म्हणजे पोलिसात भरती झालेला रेडा. पट्टा पोटाला पुरत नाही, टोपी शिंगांवर टिकत नाही, आणि जिलेबी चोरणारं मुंगूस कधी हाती लागत नाही. बावीस वर्षं तातोबा जिनगर मास्तरांनी तो काढला. बावीस वर्षं मी छापला.

मग मास्तरांचा हात थरथरू लागला. औषधं झाली. हात ऐकेना.

मालकांनी निरोप दिला. शनिवारी दुपारपर्यंत पानं छपाईचे ब्लॉक करायला गेली पाहिजेत. नाही गेली तर रेडोबा बंद. मशीनवर लग्नपत्रिका घ्यायच्या.

अरविंद तीन महिन्यांपूर्वी आला होता. मुंबईच्या कलाशाळेत शिकलेला, सुवर्णपदकवाला. कपड्यांना इस्त्री. मास्तर चौथी नापास. तरी तो आला आणि उभ्यानेच म्हणाला, "मला रेडोबा काढायचाय. दुसरं काही नको." लहानपणी गोवर निघाला तेव्हा हेच पुस्तक उशाशी होतं म्हणे.

मास्तरांनी त्याला हाकललं. तो दुसऱ्या दिवशी आला. पुन्हा हाकललं. पुन्हा आला. नवव्या दिवशी मास्तर म्हणाले, "बस तिथं. शाई घोट."

शाई घोटली. चौकटी आखल्या. पुढे पंधरा पानं त्याने काढली; त्यांत रेडोबा मुंगसामागे पळणारा, पाठमोराच. मास्तरांनी एकेक पाहून बाजूला ठेवलं. म्हणजे पसंत.

सोळावं पान अडलं.

त्या पानावर कवायत आहे. सगळी पलटण उभी, समोर फौजदार सिंह. आणि रेडोबाचा पट्टा तुटतो. चड्डी पायाशी. पलटण, सिंह, चड्डी, सगळं काढून झालं होतं. रेडोबाचा चेहरा तेवढा कोरा होता.

"हा चेहरा जमला की कुंचला तुझा," मास्तरांनी सांगितलं होतं. "न्हाई जमला तर कुणाचाच न्हाई."

अरविंदने तो चेहरा वेगवेगळ्या कागदांवर चाळीस वेळा काढला. त्यासाठी गावाबाहेरच्या एका गोठ्यात पंधरा दिवस बसला. इस्त्रीचे कपडे शेणात गेले, पण हटला नाही. मी मनात म्हटलं, हा टिकणार.

गुरुवारी त्याने मास्तरांपुढे धरलेला तो एकेचाळिसावा.

"गोठ्यात किती रेडे बघितलेस?" मास्तरांनी विचारलं.

"अकरा."

"त्यातला एक तरी लाजला?"

"रेडा लाजत नाही, मास्तर."

"मग लाजलेला रेडा तिथं कशाला हुडकत होतास?"

अरविंदने कागद खाली केला.

मास्तरांच्या बैठकीसमोर भिंतीवर एक आरसा होता. तळहाताएवढा, खिळ्याला टांगलेला. मास्तरांची दाढी छातीपर्यंत. दाढी न करणाऱ्या माणसाला आरसा कशाला, हे अरविंदने तीन महिन्यांत विचारलं नव्हतं. बावीस वर्षांत मीही नाही. चेहरे काढायचे असले की मास्तर आम्हाला बाहेर घालवून दाराला आतून कडी लावत. मोठ्या माणसाची खोड म्हणून आम्ही सोडून दिलं.

मास्तरांनी हनुवटीने आरसा दाखवला.

"त्यात बघ."

अरविंद गेला. पाहिलं. कपाळावर आलेले केस मागे सारले. परत आला.

"बघितलं."

"कोण दिसलं?"

"मीच. दुसरं कोण दिसणार?"

"मग झालं की."

अरविंदच्या कपाळाची शीर उठली. "मास्तर, मी इथं थट्टा करून घ्यायला येत नाही. शिकायला येतो."

"दोन्ही वेगळं आहे व्हय?" मास्तर म्हणाले, आणि तंबाखू मळू लागले.

अरविंदने कागद गुंडाळले. दारात थांबून म्हणाला, "शनिवारी चेहरा आणतो. आणला नाही तर तोंड दाखवणार नाही."

शुक्रवारी तो फिरकला नाही.

शनिवारी सकाळी आला. डोळे तांबारलेले. सोळावं पान त्याने मास्तरांपुढे ठेवलं. चेहरा भरलेला होता.

मी मशीनवरून वाकून पाहिलं, आणि मला हसू फुटलं. रेडोबाची हनुवटी गळ्यात रुतलेली. खालचा ओठ लोंबलेला. कान पडलेले. एक डोळा फौजदाराकडे, दुसरा अर्धा मिटलेला. अस्सल रेडोबा.

"जमलं की!" मी म्हणालो.

मास्तर हसले नाहीत.

"कुणाचा हा?"

"माझा."

मास्तरांनी पान जवळ ओढलं.

"मास्तर, माझा."

"पुन्हा सांग."

"माझाच आहे! आणि कुणाचा असणार?"

मास्तरांनी चष्मा काढला. पान उचललं. हात थरथरत होता, पान थरथरत होतं. त्यांनी ते आपल्या गालाला लावून धरलं. मग हनुवटी गळ्यात घातली. ओठ सैल सोडला. खांदे पाडले.

बावीस वर्षं कडी लावून केलेलं तोंड त्यांनी त्या दिवशी आमच्यासमोर केलं.

दोन चेहरे शेजारी शेजारी. कागदावर एक, दाढीत एक. दोन्हींची एक पापणी अर्धी पडलेली.

एवढी वर्षं तो अर्ध्या डोळ्याचा रेडा मी छापत आलो. वाटायचं, रात्रपाळी करून बिचारा पेंगतोय.

अरविंदने पापणी पाहिली. त्याच्या एकेचाळीस चेहऱ्यांत ती कुठेच नव्हती. या बेचाळिसाव्यात होती. जुना अंक काचेवर ठेवून, खालून दिवा लावून, त्याने रेघेवर रेघ ओढली होती. पापणीसकट.

मास्तरांनी तोंड सरळ केलं. पान खाली ठेवलं.

"ह्या पापणीला माझी आरी लागलीय," ते म्हणाले. "तुला कुठं लागलीय?"

मशीन चालूच होती.

अरविंदच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग कान. मग मान. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. हनुवटी खाली गेली. खालचा ओठ सुटला. सुवर्णपदकवाल्याचे खांदे पोत्यासारखे पडले.

मी हसलो. हसायला नको होतं. पण हसलो.

ते ऐकून तो दाराकडे वळला. वहाण सापडेना. एक पाय स्वतःच्या वहाणेत, दुसरा माझ्या.

मास्तर उठले. त्यांना इतक्या झटक्यात उठताना मी पाहिलं नव्हतं. भिंतीवरचा आरसा खिळ्यासकट उपसला आणि दारात आडवे उभे राहिले.

"बस."

"मला जाऊ द्या, मास्तर. मी चोरी केली. खोटं बोललो. येणार नाही पुन्हा."

"जा की. कोण धरतंय? आधी बस."

"कशाला?"

"काढ. लौकर काढ. उतरंल."

"काय उतरेल?"

मास्तरांनी आरसा त्याच्या तोंडासमोर धरला.

अरविंदने पाहिलं. मान वळवली. परत पाहिलं. या वेळी केस मागे सारले नाहीत.

मी मशीन बंद केली.

बाहेर एक टांगा थांबून गेला. दुपारी पानं न्यायला माणूस यायचा होता.

मग अरविंदने पायातली वहाण काढली. माझी होती, ती माझ्याकडे सरकवली. बैठकीवर जाऊन बसला. कोऱ्या कागदाचा एक तुकडा कापला, खळ लावली आणि चोरलेल्या चेहऱ्यावर चिकटवला. अंगठ्याने दाबला. चेहरा पुन्हा कोरा झाला.

त्याने मास्तरांचा कुंचला उचलला. विचारलं नाही. मास्तर समोर बसले आणि दोन्ही हातांनी आरसा धरला.

पहिली रेघ ओठाची आली. मग हनुवटी. अरविंदच्या डोळ्यांत पाणी जमलं होतं. त्याने बाही उचलली.

"पुसायचं न्हाई," मास्तर म्हणाले.

बाही खाली गेली. तो आरशात पाही, कागदावर रेघ ओढी, पुन्हा पाही. दात आवळलेले नव्हते. आवळले असते तर ओठ लोंबला नसता. पण कुंचला धरलेली बोटं पांढरी पडली होती.

डोळ्यांपाशी आल्यावर तो थांबला.

"आरसा हलतोय, मास्तर."

"त्यो हलणार. तू हलू नगंस."