आंधळा रांजण

एका राज्यात धुरपता नावाची कोळीण राहत होती, आणि तिचं म्हणणं एकाही माणसानं खरं मानलं नाही. भर चावडीत ती ओरडून सांगत होती, "तोंड राजाचं हललं, पण आवाज तुळशेट सावकाराचा होता! त्याची ती दम्याची घरघर मी ओळखत नाही होय? अरे मेल्यांनो, कान आहेत का नुसती भोकं?" लोक माना फिरवून चालते झाले. दिवाण नारोपंत खांद्यावरच्या पोपटाला डाळिंबाचे दाणे भरवत म्हणाला, "बाईला ऊन लागलंय. ताक पाजा."

त्या राज्यात राजानं एखाद्याविरुद्ध तीनदा निवाडा दिला की तो माणूस दगड होई. धुरपताचा नवरा सटवाजी गावच्या तळ्याचा राखणदार. तुळशेट सावकाराला तळं हवं होतं. सटवाजी आडवा आला. पहिल्या निवाड्याला तो गुडघ्यापर्यंत दगड झाला, दुसऱ्याला छातीपर्यंत. मग राजा मेला. मेलेल्या गळ्यातून तीन दिवस ती घरघर येत राहिली. तिसरा निवाडा आता नव्या राजाच्या तोंडी होता.

धुरपता डोंगरातल्या जखिणीकडे गेली. जखिणीला डोळ्यांच्या जागी नुसतं सपाट कातडं होतं.

"माझा नवरा सोडव."

"इथे राजा प्रजा निवडते. गादी मागणाऱ्याला गावोगाव फिरायला हत्ती लागतात, मशाली लागतात," जखीण म्हणाली. "धनवंत मोहरा देतात. कोणी दिल्या ते दिवाणाचा पोपट राजाच्या कानात सांगतो. नाव कानात गेलं की देणाऱ्याचा आवाज राजाच्या गळ्यात उतरतो. नावच कळलं नाही तर काय उतरेल? मी रांजण घडवते. तीन वस्तू आण."

पहिली वस्तू तळ्याचा गाळ. तुळशेटचे पहारेकरी झडती घेत, म्हणून तिनं तो तोंडात भरून आणला. दुसरी, त्या पोपटाचं पीस. ते उपटताना पोपट माणसासारखा रडला.

"तिसरी," जखीण म्हणाली, "तुला सगळ्यात प्रिय असेल ते. आणि दिलंस हे जन्मात कुणाला सांगायचं नाही."

धुरपतानं दिलं. काय दिलं, ते या कथेलाही ठाऊक नाही.

रांजणाला दोन तोंडं होती. गादी मागणारेही दोघंच, राजकन्या इरावती आणि तिचा काका; एकेकाच्या नावाचं एक तोंड. धुरपतानं रांजण वाड्यापुढे आणून ठेवला, तशी गर्दी फिदीफिदी हसली. इरावती हसली नाही. बापाच्या प्रेताशी तीन दिवस तीच बसली होती.

"बाई, तुझं मी ऐकते," ती म्हणाली. "देणं यातच पडेल."

त्या दिवसापासून दुसऱ्या वाटेनं दिलेली मोहर हातातच कोळसा होऊ लागली. लोक रांजणात खांद्यापर्यंत हात घालीत. आत कुणाचा तरी गार हात लागे. दिलेलं तो घेई, परत मागितलं तर मुकाट परत देई. टाकलं की काढलं, बाहेरच्याला कळायला वाव नव्हता. पोपट काठावर बसून आत डोकावे, पण देणाऱ्याचं एकही नाव त्याला सापडत नसे.

प्रजेनं इरावतीला निवडलं. तिसऱ्या निवाड्याचा दिवस उजाडला. सटवाजीला गाड्यावर घालून आणलं. तुळशेट पुढे झाला आणि म्हणाला, "बाईसाहेब, रांजणात आपल्या तोंडी मी हजार मोहरा टाकल्यात. तळ्याचं तेवढं लक्षात असू द्या."

"मी दोन हजार टाकल्या!" मागून एक तेली ओरडला.

"मी पाच!" लंगोटीतला गोसावी म्हणाला. सगळी सभा खदखदून हसली.

"शपथ घेतो, मी खरंच दिल्यात!" तुळशेट घरघरत होता.

इरावतीनं विचारलं, "खरं कोण मानेल, शेटजी?"

कोणीच मानलं नाही. धुरपता मात्र राणीच्या ओठांकडे पाहत होती. ओठ हलले. आवाज इरावतीचाच होता. "तळं गावाचं. सटवाजी निर्दोष."

दगड तडकला. सटवाजी गाड्यावरून उतरला आणि पहिलं बोलला ते हे, "धुरपते, पाणी दे गं."

ती तांब्या घेऊन धावली, तोवर राणी पोपटाकडे वळली. "माझ्या बापाच्या कानात नावं ओतायला तुला कोणी शिकवलं?"

पोपटाच्या पोटात आता देणाऱ्याचं एकही नाव उरलं नव्हतं. उरलं होतं ते एकच, शिकवणाऱ्याचं. त्यानं चोच उघडली आणि साऱ्या सभेला ऐकू जाईल असं म्हणाला,

"नारोपंत."