शंभर पावलांवर

हैबतराव देशमुखांचा उजवा खांदा महिनाभर ठणकत होता. लेप झाले, शेक झाला, तेल चोळून झालं. शेवटी त्यांनी मेणा वाहणाऱ्या भोयांनाच सदरेवर बोलावलं.

"चालताना हिसके देता तुम्ही, आणि खांदा जातो माझा! उद्यापासून दुसरे भोई येतील."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. म्होरक्या गोंदा मात्र हात जोडून म्हणाला, "सरकार, हिसक्यांनी दुखला असता तर दोन्ही खांदे दुखले असते. मेण्यात आपला लोड कायम उजवीकडं असतो. त्याच कोपरावर सगळा भार टाकून आपण चार-चार कोस रेलून बसता."

"आणि चार कोस मेणा वाहून तुमचे खांदे दुखत नाहीत?"

"दुखतात की, सरकार. म्हणून तर दर शंभर पावलांवर आम्ही खांदा बदलतो. ज्याच्यावर ओझं असतं, त्याला हे शिकवावं लागत नाही."

 

दुसऱ्या दिवशी मेणा त्याच भोयांनी उचलला. शंभर पावलं झाली तशी गोंदानं हाळी दिली, "खांदा बदला!"

मेण्याच्या पडद्याआड लोडही गुपचूप डावीकडं सरकला.