लक्ष कामात आहे का?

सांगलीत पंचांग छापणारे नीळकंठराव साठ्ये एका शिबिराला गेले, ते एक ॲप घेऊनच परतले. ते त्यांनी कचेरीतल्या सगळ्यांच्या फोनवर घालायला लावलं. फोन सारखा किणकिणायचा आणि विचारायचा, ‘लक्ष कामात आहे का?’ लगेच ‘हो’ दाबलं की गुण मिळायचे. महिनाअखेर जो तळाला राहील, त्याची दिवाळीची सुट्टी रद्द.

महिना संपला. मालकांनी सगळ्यांना जमवून भिंतीवरच्या पडद्यावर निकाल लावला. पहिले अर्थातच मालक. तळाला मुद्रितं तपासणाऱ्या वृंदाताई, गुण शून्य. त्यांच्या घरी यंदा जावयाचा पहिला दिवाळसण होता.

“एकदाही ‘हो’ नाही?” मालक म्हणाले. “महिनाभर लक्ष होतं कुठे तुमचं?”

“आश्विनात,” वृंदाताई म्हणाल्या. “तिथे पौर्णिमा दोनदा पडली होती. अशा चुका निस्तरत होते.”

“अहो, पण फोन विचारत होता ना?”

“विचारत असेल. मला ऐकूच आला नाही. ज्यांना प्रत्येक वेळी ऐकू आला, त्यांचं लक्ष कुठे होतं ते त्यांना विचारा.”

सगळ्यांच्या नजरा पडद्यावरच्या पहिल्या नावाकडे गेल्या. मालक खाकरले. ते काही बोलणार, तोच सगळे फोन एकदम किणकिणले.

कुणीही हात हलवला नाही. मालकांचा अंगठा मात्र सवयीने पुढे झाला आणि ‘हो’ दाबून मोकळा झाला.

खाली पाहत ते पुटपुटले, “जा हो, दिवाळसण करून या.”