मोराच्या मुठीचा वस्तरा

महाराज चंडप्रतापांच्या गालावरून रक्त ओघळलं आणि कोठडीत गेला म्हाळू न्हावी!

खरी चूक वस्तऱ्याची होती. सोनगिरीच्या या हट्टी राजाने तो स्वतःच्या डोक्यातून काढला होता. मूठ भरीव सोन्याची, वजन बत्त्याएवढं, पातं कोयत्यासारखं जाड. मुठीवर पिसारा फुलवलेला माणकांचा मोर! गालावर धरला की चोच नाकात जाई, हनुवटीकडे वळवला की पिसारा कानात. दाढी उरकेपर्यंत महाराजांचं तोंड सोललेल्या बिटासारखं होई. पण राजाला सांगणार कोण? दरबारी रोज म्हणत, "काय तेज आलंय चेहऱ्यावर!" आणि एकेक न्हावी आत जाई.

म्हाळूची बायको भिवरा न्हाव्याचीच लेक. बापाने तिच्या हातात वस्तरा दिलेला. ती थेट दरबारात येऊन उभी राहिली.

"महाराज, माझ्या धन्याला सोडा. त्याच्या हातात खोट न्हाई."

"मग माझ्या वस्तऱ्यात आहे?"

दरबारी एकमेकांच्या मागे सरकू लागले.

"आता काय सांगावं! मोर लई देखणा हाय. पर त्यानं नाचावं, हजामत कशापायी करावी?"

महाराज भडकले. "जीभ चालते तसा हातही चालतो का, बघू! उद्या सकाळी तू माझी दाढी करायची. रक्ताचा थेंब नको, जळजळ नको. आणि माझ्या वस्तऱ्याला काम दिलंच पाहिजे! जमलं तर नवरा घेऊन जा. नाही जमलं तर दोघांची गाढवावरून धिंड!"

"देते की काम!" भिवरा म्हणाली.

सकाळी महाराज चौरंगावर बसले. भिवराने त्यांच्या डोळ्यांवर गरम ओला पंचा टाकला आणि कामाला लागली. दाढी चालू असताना कुणी तोंड उघडायचं नाही, हा महाराजांचाच दंडक. दरबाऱ्यांचे डोळे मात्र विस्फारले होते. दिवाणजींनी तर तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला.

दाढी झाली. महाराजांनी गालावरून हात फिरवला आणि ओरडलेच, "वा! काय गुळगुळीत! बघा, वस्तरा फक्कडच होता, हातच नालायक होते!"

"व्हय महाराज, वस्तरा फक्कडच! हलका, पातळ, मुठीत बसणारा." भिवराने तळहात पुढे केला. त्यावर तिच्या बापाचा साधा, शिंगाच्या मुठीचा वस्तरा होता.

"दगा! माझा मोर कुठंय?"

"तुमच्या खाली."

महाराज वाकले. चौरंगाच्या आखूड पायाखाली सोन्याचा मोर चोच टेकून पडला होता!

"चौरंग डुलत हुता, महाराज. बसणारा डुलला की कसलाबी वस्तरा लागतो. तुमच्या मोरानं तुम्हाला असं घट्ट धरलं, म्हणून रगत आलं न्हाई. सांगा, काम दिलं का न्हाई?"

महाराजांनी गाल चाचपला. जळजळ नव्हती. मग ते जे हसत सुटले! कित्येक महिन्यांत हसताना त्यांचा गाल दुखला नव्हता.

"सोडा म्हाळूला! सगळ्या न्हाव्यांना सोडा! आणि भिवरे, तो मोर तुला बक्षीस. आत्ताच्या आत्ता उचल!"

"उचलते की! पर आधी तुम्ही उठा महाराज, न्हाईतर आपटाल!"